सेन्सेईंचं पातेलं

तोझावा शिगेचा राग एरवी फार टिकत नसे. शेजारणीशी सकाळी भांडण झालं, तर दुपारी तिच्याच अंगणात मुळे वाळत घालायला ही हजर. पण डॉक्टर ओसानाई रेइजीवरचा राग तिनं पिपात घालून, वर दगड ठेवून मुरवला होता. हिनोसावा गावात त्या रागाला कुणी नावंही ठेवत नसे, कारण थोडाफार तो घरोघरी होता.

माणूस होताच तसा. मूळचा इथला नव्हे. म्हाताऱ्या ओसानाई डॉक्टरला मुलगा नव्हता, एकुलती एक मुलगी फुमी. दवाखान्याला कुलूप लागू नये म्हणून म्हाताऱ्यानं खाली बंदराच्या गावातून एका धान्यव्यापाऱ्याचा धाकटा मुलगा, नुकताच डॉक्टर झालेला, उचलून आणला. त्याला मुलगी दिली, आडनाव दिलं आणि वर्षभरात डोळे मिटले. म्हणजे घर सासऱ्याचं, दवाखाना सासऱ्याचा, नावसुद्धा सासऱ्याचं. असा घरजावई चार लोकांत जरा मान खाली घालून वावरतो. हा नाही. हा रस्त्यानं असा चालायचा की जणू डोंगर यानंच आणून ठेवलेत. नव्या वर्षाला कुणी साकेचा प्याला पुढे केला, तर "मी पीत नाही," एवढंच. अरे, "आज जरा पोट बिघडलंय" म्हणावं, समोरच्याचं मन राखावं! एवढं साधं खोटं बोलायलाही त्याच्या आईबापांनी त्याला शिकवलं नव्हतं.

तोंडावर सगळे त्याला मानानं सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत. पाठ फिरली की मीठमोज्या.

हे नाव त्यानं स्वतःच्या करणीनं मिळवलं होतं. हिनोसावात हिवाळा आला की माणसं पडायची. पन्नाशीही न ओलांडलेला धडधाकट गडी छपरावरचा बर्फ लोटायला चढावा आणि खाली यावा तो वाकड्या तोंडानं. किंवा येऊच नये. "अंगावरून वारं गेलं," लोक म्हणत, आणि डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्याला शिव्या देऊन तिरडीच्या तयारीला लागत. आज्ज्याच्या आज्ज्यापासून हे असंच चाललं होतं. या बंदरवाल्यानं मात्र आल्या आल्या सांगितलं की वाऱ्याचा काही संबंध नाही, हे मिठाचं काम आहे. तुम्ही मीठ फार खाता.

आता हिनोसावात मीठ म्हणजे मिसो, आणि मिसो म्हणजे घराची अब्रू. सोयाबीन शिजवून, कुटून, मीठ घालून पिपात भरायचं आणि वर्षानुवर्षं मुरू द्यायचं. प्रत्येक घराचं पीप वेगळं, चव वेगळी. सकाळ-संध्याकाळ त्याचंच सार. सार कसं, तर जिभेला चटका बसेल असं खारट. मग त्याच्या घोटाबरोबर भात भराभर जातो आणि माणूस शेतावर टिकतो. ज्या घरचं सार आळणी ते घर एक तर चिक्कू नाहीतर आळशी. आळणी सार अंथरुणाला खिळलेल्याला देतात, किंवा जो पाहुणा पुन्हा यायला नको त्याला. असं सार समोर आलं की शहाणा माणूस ते निमूट पितो, उठतो आणि त्या घरची पायरी पुन्हा चढत नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही. ते दूध पितानाच कळतं.

शिगेच्या मिसोचं वरच्या वाडीत नाव होतं. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानं तिच्या हातचं सार पहिल्यांदा प्यायलं आणि बायकोला म्हणाला, "हिला ठेवून घ्या." या घरात तिला मिळालेलं ते पहिलं आणि शेवटचं कौतुक. त्यावर ती पुढची कित्येक वर्षं जगली.

तो सासरा एका माघातल्या सकाळी अंगणातच कोसळला आणि गेला. अंत्यविधीच्या जेवणाला रीतीप्रमाणे शेजारणींनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, पण मिसो शिगेच्याच पिपातला. सगळं गाव रांगेनं बसलेलं, मंत्र म्हणून दमलेला भिक्षू वरच्या अंगाला, त्याच्या शेजारी ओसानाई. त्यानं वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"हा मिसो कुणाच्या हातचा?"

"माझ्या, सेन्सेई," शिगे पुढे सरकली. चांगलंच काहीतरी ऐकायला मिळणार, असं वाटलं बिचारीला.

"म्हाताऱ्याला वाऱ्यानं नाही मारलं, बाई. तुमच्या या पातेल्यानं मारलं."

शिगेचा नवरा किसाबुरो, एरवी बैलासारखा शांत, अर्धा उठला. "सेन्सेई, बाप आहे तिथं माझा. अजून न्यायचाय."

"म्हणून तर सांगतोय," ओसानाई म्हणाला. "असंच चालू राहिलं तर पुढचा तू."

उचलली जीभ लावली टाळ्याला! डॉक्टरकी शिकवणारे माणसाच्या पोटात कुठं काय असतं ते शिकवतात, पण मढं घरात असताना काय बोलू नये हे शिकवत नसावेत. शिगे स्वयंपाकघरात गेली, आणि तिथंच तो राग पिपात पडला.

अशा माणसाला गावानं सरपंच का केलं, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. जुना सरपंच नव्या वर्षाच्या मेजवानीत, प्याला हातात धरूनच आडवा झाला. खालच्या वाडीला तिथला दुकानदार तामेकिची सरपंच हवा होता. मीठ, खारवलेले मासे आणि साके विकून तो गब्बर झाला होता. वरच्या वाडीला तामेकिची सोडून कुणीही चाललं असतं, पण वरच्या वाडीचा माणूस खालच्यांना चालत नव्हता. बैठकांवर बैठका झाल्या, तोंडं दुखली. शेवटी दोन्ही वाड्यांना ज्याचा सारखाच तिटकारा होता असा गावात एकच माणूस निघाला. त्याच्यामुळे कुणाचाच फायदा होणार नव्हता, म्हणून तो सगळ्यांना चालला.

लोकांनी त्याला शोभेला बसवला होता. त्यानं ते खरं मानलं. देवळाच्या छपराचं काम पुढं ढकललं आणि गावासाठी एक परिचारिका आणली. शाळेच्या डब्यातला खारा मासा बंद केला. आणि मग, ज्याचं गावानं कधी ऐकलं नव्हतं असलं एक काम काढलं. तो घरोघरी जाऊन लोकांचं सार तपासायला लागला.

एका काचेच्या नळीत साराचं पाणी घ्यायचं, त्यात दुसऱ्या बाटलीतलं औषध थेंबाथेंबानं सोडायचं. पिवळं पाणी विटकरी व्हायला जितके जास्त थेंब, तितकं मीठ जास्त. एवढं करून गप्प बसावं की नाही? पण हा दारातच उभा राहून ओरडायचा, "तोझावांचं सार खारट! गेल्या खेपेपेक्षा खारट!" पलीकडच्या शेतातली माणसं माना वर करून बघायची. शिगेच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "या गावचं मीठ खाल्लं," ती म्हणायची, "आणि मेला मिठावरच उठला."

त्या वर्षी लोणच्याचे मुळे धुवायला बायका ओढ्यावर जमल्या होत्या. पाणी असं गार की बोटं आपली आहेत की मुळ्याची ते कळू नये. विषय अर्थातच मीठमोज्याचा.

"परवा आमच्याकडं येणार म्हणे," हात्सुए म्हणाली. ही शिगेची शेजारीण. तोंडानं फटकळ, कामाला वाघ. "काय करावं गं त्याचं?"

"त्याला आळणी हवंय ना?" शिगे म्हणाली. "मग देऊ की आळणी."

"अगं, पण दारात आलेल्या माणसाला आळणी द्यायचं म्हणजे..."

"म्हणजे काय? 'पुन्हा येऊ नको' असंच ना? मग? तुला तो पुन्हा यायला हवाय?"

हात्सुएच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती अशी हसली की हातातला मुळा ओढ्यात वाहून गेला. "शिगेवहिनी, पातेलं धुतलेलं पाणीच गरम करून देते मेल्याला!"

"तेच. आपल्या चुलीवर आपलं, त्याचं वेगळं."

झालं. त्या हिवाळ्यापासून घरोघरी एक लहान पातेलं निघालं, त्याला नाव पडलं सेन्सेईंचं पातेलं. तो कोणत्या दिवशी कुठल्या वाडीत येणार हे आधी ठरलेलं असे. तो यायच्या वेळेला बायका कोमट पाण्यात मिसोचं बोट फिरवून वाटी पुढं करत, आणि पडद्याआड जाऊन तोंडात बाही कोंबत. असा उघड अपमान केला तर खोऱ्यातला कुठलाही माणूस तोंडात मारल्यासारखा परत फिरला असता.

शिगेच्या दारात ओसानाईनं नळीत थेंब टाकले. पाणी पटकन विटकरी झालं. त्यानं वर बघितलं आणि हसला.

गावात आल्यापासून त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. "बाई, असं हवं! हे असं हवं!" त्यानं ते धुवण शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं आणि शिगेपुढे मान लववून निघून गेला. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आला! बायकांना आधी कळेना, मग कळलं तेव्हा हसून हसून पोटं दुखली. बंदराच्या माणसाला आपला अपमान झाल्याचंही कळत नाही म्हणजे काय! त्याची बायको फुमी मात्र इथलीच. तिला नक्की कळलं असणार. पण नवरा संध्याकाळी आनंदानं घरी येतो हे तिलाही नवंच असावं. तिनं मूग गिळले.

अशी वर्षं गेली. दोन्ही वाड्यांचं भांडण मिटलं नाही, म्हणून ओसानाई पुन्हा सरपंच झाला. तो शहरात जाऊन मोठ्या साहेबांना सांगून आला म्हणे, की हिनोसावातल्या बायकांनी मीठ निम्म्यावर आणलं, अशा समजूतदार बायका त्यानं कुठं पाहिल्या नाहीत. हे ऐकून तर आणखी हशा झाला.

माणसं मात्र पडतच होती. हात्सुएची सासू गेली. वरच्या वाडीचा सुतार गेला, ऐन चाळिशीत. दर वेळी ओसानाई धावत यायचा, जे करता येईल ते करायचा, आणि नंतर बराच वेळ मेलेल्याच्या चुलीकडे बघत बसायचा. शिगे प्रत्येक तिरडीला गेली. तिथं काही तिला हसू आलं नाही. पण वाऱ्याला शिव्या द्यायची सवय होती, ती कामी आली.

मग वसंतात, भाताच्या वाफ्याला पाणी सोडायच्या दिवसांत, किसाबुरो सकाळी जेवायला बसला आणि त्याच्या जेवायच्या काड्या हातातून गळाल्या. त्यानं उचलल्या, पुन्हा गळाल्या. "शिगे," तो म्हणाला, पण ते शिगेसारखं ऐकू आलं नाही.

ओसानाई आला तो सभा अर्धी टाकून. दिवसभर उशाशी बसला. गार फडकी बदलली, सुया टोचल्या, शिगेला दहा वेळा ओरडला, पाणी असं नको, उशी तशी नको, दार लावा, दार उघडा. संध्याकाळी किसाबुरोच्या तोंडातून पहिला नीट शब्द निघाला, तोही शिवीच होती, तेव्हा कुठे तो भिंतीला टेकला. किसाबुरो वाचला. उजवा हात जरा अडखळे आणि तोंडाची एक बाजू ढिली पडली, एवढंच.

जाताना ओसानाई उंबऱ्यात थांबला. या वेळी ओरडला नाही.

"बाई, तुमच्या घरचं सार गावात सगळ्यांत हलकं. मी स्वतः बघितलंय. मग हा का पडला?"

शिगेला वाटलं, टोमणा मारतोय. तिनं वर पाहिलं. तो खरंच विचारत होता.

"मला काय ठाऊक, सेन्सेई."

"मलाही नाही," तो म्हणाला, आणि बूट घालायला लागला.

त्या दिवसापासून शिगेच्या जिवाला घोर लागला. दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्यापुढे हलकं सार ठेवलं. किसाबुरोनं एक घोट घेतला आणि वाटी चुलीत उपडी केली. "मी काय मरायला टेकलोय? मीठमोज्याचं पातेलं मला वाढतेस?" तो कितीतरी दिवस धुसफुसत होता. मग तिनं पुन्हा पिपातलं सार वाढायला सुरुवात केली, आणि रोज त्याचा प्रत्येक घोट मोजत ती समोर बसायची. दुसरा झटका माणसाला नेतो, हे गावात पोरंही सांगतील. तिला नवरा हवा होता. प्रेमबीम असले शब्द हिनोसावात कुणी वापरत नाही. पण तो शेतावरून उशिरा आला तर ती सरपणाच्या निमित्तानं तीनदा अंगणात जायची, आणि तिचं तिला माहीत होतं ती का जाते.

शरदात कापणी उरकली आणि ओसानाईनं गावसभा बोलावली. सभागृहात शेगडी पेटलेली, पुरुष पुढं, बायका मागं. तो पुढे आला, चटईवर गुडघे टेकून बसला. हातात कागद नव्हता.

"मी थोडक्यात बोलतो," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी तुमच्या घरी येऊन मीठ मोजलं. ते निम्म्याहून कमी झालं. तुम्ही माझं ऐकलंत. पण वारं गेलेली माणसं कमी झाली नाहीत. एकानंही नाहीत. आम्हाला शिकवलंय, की आपलं म्हणणं आणि मेलेली माणसं यांचा मेळ बसला नाही, तर म्हणणं सोडायचं. मी चुकलो. मीठ हे कारण नाही. खरं कारण काय ते मला ठाऊक नाही. उद्यापासून तपासणी बंद. ज्याला जे खायचं त्यानं ते खावं. सरपंचपदही मी सोडतो."

तामेकिची हळूच मांडीवर थाप मारून शेजाऱ्याकडे बघून हसला.

"आणखी एक." ओसानाई वळला आणि मागं बायकांत शिगेला शोधू लागला. "तोझावांच्या घरी, त्यांच्या सासऱ्यांच्या मढ्यापाशी, मी एक वाक्य बोललो होतो. ते चूक होतं. ते मी परत घेतो. मला माफ करा." आणि त्यानं दोन्ही हात टेकून कपाळ चटईला लावलं.

हेच. शिगेनं इतकी वर्षं चुलीपुढे बसून हेच डोळ्यांसमोर आणलं होतं. हीच मान खाली, हेच सगळं गाव बघतंय. आणि आता ते खरंच घडत होतं, तर तिला ते नको झालं. कारण समोरच्या रांगेतून किसाबुरो मागं वळून तिच्याकडे बघत होता. आनंदानं बघत होता. तोंडाची एकच बाजू हसत होती.

"ऐकलंस का गं?" तो सगळ्यांदेखत ओरडला. "वर टांगलेला तो खारा मासा काढ आज! अख्खा काढ!"

सभागृह हसलं. तामेकिची म्हणाला, "सरला असेल तर माझ्याकडं भरपूर आहेत, किसाबुरोदादा!"

शिगे उभी राहिली. आपण उभ्या राहिलोय हे तिला नंतर कळलं.

"सेन्सेई, उठा. डोकं वर करा."

त्यानं मान वर केली.

"तुम्ही प्यायलात ते सार आमचं नव्हतं. ते तुमच्यापुरतं होतं. आमचं पातेलं वेगळं."

"शिगे!" हात्सुए खालून तिचा झगा ओढत कुजबुजली. "वेड लागलंय का? खाली बस!"

"म्हणजे?" ओसानाई म्हणाला.

"म्हणजे तुम्ही यायच्या दिवशी कोमट पाण्यात बोट बुडवून द्यायचो. तुम्हाला घालवायला. तुम्हाला कळलंच नाही. आमच्या पातेल्यातलं मीठ पूर्वी होतं तेवढंच आहे. चिमूटभरही कमी नाही."

"तुमच्या एकट्या घरी?"

त्यानं मागच्या सगळ्या बायकांवरून नजर फिरवली. एकेक मान खाली जात होती. पुरुष आपापल्या बायकांकडे असे बघत होते, जणू त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. रोज त्यांच्याच घशाखाली उतरत होतं ते.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" हात्सुए किंचाळली. "सेन्सेई, हिनंच काढलं ते! ओढ्यावर! हिनंच आम्हाला शिकवलं!"

"हो," शिगे म्हणाली. "मीच."

आणि तुम्हाला सांगते, त्या मेल्याचा चेहरा उजळला! सगळ्या गावानं तो बघितला. इतकी वर्षं मूर्ख बनला, आजारी म्हाताऱ्यासारखं धुवण प्यायला, आणि हा माणूस खूश झाला, कारण त्याचं म्हणणं बरोबर निघालं होतं. "म्हणजे मी..." तो बोलायला लागला. मग त्याची नजर हात्सुएवर गेली. "तुमची सासू," तो म्हणाला. पलीकडे सुताराची विधवा बसली होती, तिच्याकडे त्यानं बघितलं आणि पुढचं बोलला नाही. उजळलेला चेहरा हळूहळू विझला. हात्सुए अशी गप्प झाली की पुन्हा त्या सभेत तिचा आवाज आला नाही.

शेवटी ओसानाई शिगेकडे वळून म्हणाला, "तोझावाबाई, मग मी माफी परत घेतो."

"घ्या," शिगे म्हणाली. "मी कुठं मागितली होती? मला फक्त याला जगवून द्या."

त्या हिवाळ्यातल्या निवडणुकीत वरच्या आणि खालच्या वाडीनं एकत्र येऊन तामेकिचीला सरपंच केलं. त्या दोन वाड्यांची एकी बापजन्मात कुणाला जमली नव्हती. ती ओसानाईनं करून दाखवली. ज्या माणसाला फसवलं त्याचं तोंड रोज समोर बघणं कुणालाही नको होतं. शिगेची तर त्याहून वाईट गत झाली. ओढ्यावर ती आली की बायका मुळे उचलून वर सरकत. किसाबुरो पूर्ण हिवाळा तिच्याशी बोलला नाही. "मी मेलो असतो तरी चाललं असतं," एवढंच एकदा म्हणाला, "पण सभेत उभी राहिलीस." वाढलेलं हलकं सार मात्र तो आता शिव्या देत का होईना, प्यायचा. गावभर बोभाटा झाल्यावर ते ओतून देणं म्हणजे बायको जगवायला बघतेय आणि हाच मरायला निघालाय याची जाहिरातच झाली असती.

ओसानाई पुढे पुष्कळ वर्षं जगला, गावात डॉक्टरकी केली, पुन्हा कधी सरपंच झाला नाही. त्याच्या जिभेला हाड आलं नाही आणि गावाचं त्याच्यावर प्रेम बसलं नाही. एवढं झालं, की हळूहळू हिवाळ्यात गडी माणसं छपरावरून आपापल्या पायांनी खाली उतरू लागली. ते कसं झालं विचाराल, तर शिगे त्यानंतरच्या भातलावणीचा दिवस सांगते.

लावणीला एकमेकांच्या शेतावर जायची हिनोसावाची रीत. त्या वर्षी तोझावांच्या शेतावर कुणी आलं नाही. शिगे एकटी गुडघाभर चिखलात, किसाबुरो बांधावर बसून डाव्या हातानं रोपांच्या जुड्या फेकतोय. उन्हं वर आली तरी एक कोपरा जेमतेम झालेला. तेवढ्यात बांधावरून ओसानाई येताना दिसला, विजार मांडीपर्यंत गुंडाळलेली, पांढऱ्याफटक तंगड्या.

"तुम्ही कशाला आलात?" शिगे म्हणाली.

"तुमच्यासाठी नाही. याला चिखलात उतरू द्यायचं नाही म्हणून."

तो उतरला आणि रोपं खोचायला लागला. आयुष्यात कधी केलं नव्हतं. एक रोप इकडं, एक तिकडं.

"ओळ वाकडी चाललीय, सेन्सेई."

"मला शेती येत नाही."

"ते दिसतंय."

शिगे त्याच्या मागून त्याची प्रत्येक ओळ उपटून पुन्हा लावत गेली. कामाला उपयोग शून्य, पण दिवसभर कुणीतरी शेतात होतं. रस्त्यानं जाणाऱ्या बायका बघून मुद्दाम पुढं गेल्या.

दुपारी बांधावर जेवायला बसले. शिगेनं एकाच पातेल्यातून तीन वाट्या भरल्या. तिला वाटलं, आज तरी हा माणूस काहीतरी बोलेल. तिनं या माणसासाठी, म्हणजे खरं तर किसाबुरोसाठी, पण शेवटी याच्या म्हणण्यासाठी, सगळं गाव तोडलं होतं. तिनं वाटी त्याच्यापुढे ठेवली. ओसानाईनं ती बाजूला सारली, हात लांब केला आणि किसाबुरोच्या हातातली वाटी काढून घेतली.

"अहो!" किसाबुरो ओरडला. दुसऱ्याची उष्टी वाटी घेणं! असलं पोरंसुद्धा करत नाहीत.

"मी केलंय ना सगळ्यांदेखत?" शिगेचा आवाज चढला. "अजूनही विश्वास नाही?"

"तुमच्यावर सगळ्यांत कमी," ओसानाई म्हणाला. "आता मी प्रत्येक घरी हेच करणार. घरधन्याच्या हातातली वाटी घेणार."

आणि त्यानं तेच केलं, मरेपर्यंत, दारोदार, लोकांच्या शिव्या खात.

त्या दुपारी त्यानं नळी काढली नाही. किसाबुरोच्या वाटीतला एक घोट घेतला, जिभेवर फिरवला, थोडा वेळ समोरच्या पाण्याकडे बघितलं. शिगे हातातली पळी तशीच धरून उभी होती. या माणसासमोर तिला असं कधी उभं राहायचं नव्हतं. मग त्यानं वाटी किसाबुरोच्या हातात परत दिली.

"पी," तो म्हणाला.

किसाबुरो प्यायला. तोंडाच्या ढिल्या बाजूनं थोडं सार हनुवटीवर ओघळलं, ते शिगेनं बाहीनं पुसलं, आणि तिघंही जेवले.